आंब्याची बाग घरचीच, मग बीएमएस कशाला?

आधी पत्र, थोडं कापून देतेय (बीबीए नि बीएमएस म्हणजे बारावीनंतरच्या मॅनेजमेंटच्या पदव्या):

"ताई, मी देवगड तालुक्यातली. बारावी कॉमर्सला आहे, मराठी मीडियम, फेब्रुवारीत परीक्षा. अकरावीला ७१ टक्के होते. आमची हापूसची बाग आहे, फार मोठी नाही, आणि आई मे महिन्यात कोकम आगळ नि आमसुलं करून विकते. मला बीबीए नाहीतर बीएमएस करायचंय. बाबा म्हणतात गप साधं बीकॉम कर नि बँकेच्या परीक्षा दे. काका म्हणतात, 'तां शिकान काय करतलंस? धंदो काय कॉलेजात शिकवतत?' पुण्याच्या एका प्रायव्हेट कॉलेजवाल्यांचे सारखे फोन येतात, लॅपटॉप फ्री देणार म्हणे, पण फी वर्षाला दीड लाखाच्या वर नि हॉस्टेल वेगळं. मला गणिताची नि इंग्लिशची दोन्हीची भीती वाटते. तिथे नेमकं शिकवतात तरी काय? आणि शिकून परत गावीच आले तर सगळं फुकट जाईल का? – गोंधळलेली"

गोंधळलेली बाय, तुझ्या काकांचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे म्हणून तिथनंच सुरू करते. धंदा कॉलेजात शिकवत नाहीत, हे काकांचं खरंच आहे. मी काही वर्षं तासिका तत्त्वावर बीएमएसच्या पोरांना शिकवलंय, वर्गात साठ पोरं असायची आणि त्यातल्या एकालाही मी धंदा करायला शिकवला असं छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पण ज्यांच्या घरी आधीच काहीतरी चालू होतं, कुणाच्या बापाची होडी, कुणाचं किराणा दुकान, कुणाची तारकर्लीला दोन खोल्यांची होमस्टे, त्या पोरांना दुसऱ्या वर्षात कधीतरी एकदम घरचे आकडे दिसायला लागायचे, आणि मग ती घरी जाऊन भांडायची. हे भांडण करता येणं हाच त्या कोर्सचा खरा उपयोग. तुझ्याकडे बाग आहे नि आईचं आगळ आहे, म्हणजे तू त्या पोरांतली.

आता शिकवतात काय ते सांगते, पण सिलॅबस वाचून दाखवणार नाही, तो कुठल्याही कॉलेजच्या साइटवर मिळतो. पहिल्या वर्षी अकाउंट्स, इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, बिझनेस लॉ, कम्युनिकेशन स्किल्स, प्रिन्सिपल्स ऑफ मॅनेजमेंट असं सगळं थोडं थोडं असतं, दुसऱ्या वर्षी कॉस्टिंग (म्हणजे वस्तू बनवायला किती खर्च पडतो त्याचा हिशोब), मार्केटिंग, एचआर, प्रॉडक्शन, रिसर्च मेथड्स, आणि तिसऱ्या वर्षी फायनान्स, मार्केटिंग की एचआर यातलं एक धरून त्याच्या खोलात जायचं, वर ऑपरेशन्स रिसर्च, लॉजिस्टिक्स, स्ट्रॅटेजी वगैरे. कॉलेजप्रमाणे नावं नि क्रम इकडेतिकडे होतो, माल तोच. यातला अर्धा माल तुला पुस्तकातल्या कोल्ड्रिंक कंपन्यांच्या उदाहरणांनी शिकवतील नि तो तुझ्या डोक्यावरनं जाईल. म्हणून मी तुझ्याच घरचं उदाहरण घेते.

आईचं आगळ घे, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस. आकडे मी मनाने धरतेय, तुझे तू घाल. समज आई एक बाटली १२० रुपयांना विकते. रातांबे (कोकमाची फळं), मीठ, बाटली, लेबल, पोचवायचं भाडं असं मिळून एका बाटलीला ८० रुपये जातात. म्हणजे बाटलीमागे ४० सुटतात, याला कॉस्टिंगमध्ये कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. आता फूड लायसन्सची फी, पातेली, पिंप, शेडचं भाडं, लाइटबिल हा खर्च एक बाटली केली काय नि हजार केल्या काय, तेवढाच, समज वर्षाला २४,०००. मग ४० ने भागलंस तर ६०० बाटल्या. पहिल्या ६०० बाटल्या फक्त तो खर्च फेडायला, नफा ६०१ व्या बाटलीपासून. हा झाला ब्रेक इव्हन पॉइंट, पोरं याला उगाच घाबरतात, आहे एवढंच.

आता गंमत पुढे आहे. आई वर्षाला ८०० बाटल्या करते असं धर, म्हणजे ८,००० रुपये नफा. मुंबईचा एक दुकानदार फोन करतो, मला ५०० बाटल्या जास्तीच्या हव्यात पण ९५ ने. बाबा लगेच कागद घेऊन हिशोब करणार, ८० अधिक २४,००० भागिले ८०० म्हणजे ३०, एकूण ११० ला बाटली पडते नि हा ९५ देतोय, नको, तोट्यात. आणि बहुतेक घरांत इथेच फोन ठेवतात. पण कॉस्टिंगवाला म्हणेल थांबा, ते २४,००० तर आधीच्या ८०० बाटल्यांनी फेडून झालेत, नव्या बाटलीला खर्च फक्त ८०, दुकानदार देतोय ९५, म्हणजे बाटलीमागे १५, ५०० बाटल्यांचे ७,५०० रुपये जास्तीचे. घ्या ऑर्डर. दुसऱ्या वर्षीच्या पेपरात हे गणित हमखास असतं आणि पोरं ७,५०० लिहून खाली दोन रेघा मारतात.

माझं म्हणणं आता तू इथे थांबायचं नाहीस. त्या ८० रुपयांत आईची मजुरी धरलीय का? नाही धरली, कधीच धरत नाहीत. रातांबे फोडणं, बिया काढणं, मीठ लावून रोज ढवळणं, गाळणं, बाटल्या भरणं, हे जर बाहेरच्या बाईला सांगितलं असतं तर बाटलीमागे १५ रुपये तरी गेलेच असते. मग खर्च ९५ नि भाव ९५. ते साडेसात हजार म्हणजे नफा नाहीच, ती आईची मजुरी आहे, आणि मे महिन्यात तिला दोन महिन्यांचं काम एका महिन्यात ओढायला लावून मिळवलेली. तरी घ्यायची का ऑर्डर? कदाचित घ्यायची, पुढच्या वर्षी तो १०५ देईल या आशेने, पण माहीत असून घ्यायची. शिवाय तुमचं रोजचं गिऱ्हाईक उद्या म्हणालं की मुंबईला ९५ नि आम्हाला १२० का, तर त्याला काय सांगणार, हाही प्रश्न आहेच. हे एवढं सगळं एका बाटलीत आहे बाय. काकांना हा हिशोब विचारून बघ, ते काय म्हणतात मलाही कळव.

अकाउंट्स नि कॉस्टिंग हे कोर्सचं हाड आहे असं माझं मत, बाकी मास. लोक उलटं समजतात, मार्केटिंग म्हणजे ग्लॅमर नि अकाउंट्स म्हणजे कारकुनी. डबल एन्ट्रीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन बाजूंना लिहायची पद्धत व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडची, १४९४ साली लुका पाचोली नावाच्या एका पाद्र्याने गणिताच्या पुस्तकात छापली, नि आजही टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडलंस की आत तेच चाललेलं असतं. पाचशे वर्षं टिकलेली गोष्ट आहे, कंटाळवाणी म्हणून सोडू नकोस. बाबांच्या बागेचंच बघ ना, जुलै-ऑगस्टात मोहोर यावा म्हणून कल्टार हे औषध, मग नोव्हेंबरपासून तुडतुड्याच्या नि थ्रिप्सच्या फवारण्या, राखणीच्या गुरख्याचा पगार, पेट्या, गवत, काढणी, नि पैसा हातात येणार एप्रिल-मेला. मधले सात-आठ महिने पैसा फक्त जातोय. तो येतो कुठून, सोसायटीचं कर्ज, नाहीतर वाशीच्या व्यापाऱ्याची आगाऊ उचल, आणि उचल घेतली की माल त्यालाच घालावा लागतो, मग भाव तो सांगेल तो. मधले महिने काढायला लागणाऱ्या या पैशाला फायनान्सच्या पुस्तकात वर्किंग कॅपिटल म्हणतात, धडा तिथे पंधरा पानांचा आहे, तुझ्या घरी तो दर वर्षी घडतो. चांगला चाललेला माणूस धंद्यात बुडतो तो बहुतेक नफा नाही म्हणून नव्हे, मधल्या महिन्यांत हातात रोकड नाही म्हणून, हे त्या धड्यातलं एक वाक्य लक्षात राहिलं तरी फी वसूल.

स्टॅटिस्टिक्सची भीती तर काढूनच टाक. तुझ्या बाबांना विचार यंदा पेटीला काय भाव मिळाला, ते म्हणतील पाच हजारापर्यंत गेला. सगळे असंच सांगतात, पहिल्या पेटीचा भाव लक्षात राहतो. समज हंगामाच्या सुरुवातीला २० पेट्या ५,००० ने गेल्या, मधल्या ८० पेट्या २,५०० ने, नि मे मध्ये ढीग लागला तेव्हा ३०० पेट्या १,२०० ने. तीन भावांची साधी सरासरी काढलीस तर २,९०० येते, छान वाटतं. पण पेट्या धरून काढलीस, म्हणजे एकूण ६,६०,००० भागिले ४००, तर १,६५०. हीच वेटेड अॅव्हरेज. एवढ्या एका फरकावर पुढच्या वर्षी फवारणीवर किती घालायचे हे ठरतं. यापुढे कोरिलेशन, रिग्रेशन येतं, कॅल्क्युलेटर असतो, फॉर्म्युले आठ-दहा. अकरावी-बारावीला तुझ्याकडे मॅथ्स नसलं तरी चालतं, टक्केवारी, गुणोत्तर नि साधं समीकरण येतं ना, बस. थोडं डेरिव्हेटिव्ह नि मॅट्रिक्स कुठेतरी येईल, ते सगळ्यांनाच जड जातं, पाठ करून पास होतात नि विसरतात, खोटं कशाला बोलू.

ऑपरेशन्स रिसर्च नाव ऐकून पोरं कॉलेज बदलायला निघतात. त्यात ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम म्हणून एक प्रकार असतो, तीन ठिकाणांहून माल निघतो, चार ठिकाणी जातो, प्रत्येक रस्त्याचं भाडं वेगळं, कमीत कमी भाड्यात कसा पोचवायचा. जामसंडे, पडेल नि कुणकेश्वरहून वाशी, पुणे, कोल्हापूर नि सांगली असं लिहून बघ, बेरीज-वजाबाकीच आहे.

लॉ मात्र मन लावून शिक. इंडियन कॉन्ट्रॅक्ट अॅक्ट १८७२ चा, अजून चालतो. ऑफर कशाला म्हणायचं, स्वीकार कधी पूर्ण होतो, मोबदला नसेल तर करार होतो का. त्यात १९०३ ची मोहोरी बीबीची केस शिकवतात, अल्पवयीन मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल, प्रत्येक कॉमर्सच्या पोराला ती केस झोपेत येते. आपल्याकडे बागा कराराने देतात त्या बहुतेक तोंडी, शब्दावर, आणि मोहोर जळला की मग शब्द कुणाचा खरा यावरनं दोन घरं वर्षभर बोलत नाहीत. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, पण सिद्ध करताना तोंडाला फेस येतो. एक पानाचा कागद कसा करायचा एवढं तुला आलं तरी वाडीत तुला मान मिळेल.

मॅनेजमेंटची तत्त्वं, ऑर्गनायझेशनल बिहेवियर हे विषय सोपे म्हणून पोरं उडवून लावतात. फेयोल नावाचा फ्रेंच खाणीतला इंजिनियर, त्याने १९१६ साली चौदा तत्त्वं मांडली, त्यातलं एक असं की एका माणसाला हुकूम एकाच माणसाने द्यायचा. आता तुझ्या बागेत बाबा गुरख्याला सांगतात आज फवारणी कर, काका येऊन सांगतात पाऊस येईल उद्या कर, आणि आजोबा सांगतात करूच नको, आणि गुरखा बिचारा नेपाळहून आलेला, तो बिडी ओढत बसतो. चौदातलं एक तत्त्व मोडलं नि दिवस गेला. मास्लो या मानसशास्त्रज्ञाची गरजांची थिअरी पण येईल, १९४३ ची, माणसाच्या गरजा पायरीपायरीने येतात असं सांगणारी, प्रत्येक जण पेपरात त्या पायऱ्यांचा त्रिकोण काढतो, मास्लोने मूळ लेखात त्रिकोण काढलाच नव्हता ही एक गंमत. एचआर म्हणजे मुलाखत घेणं एवढंच डोक्यात असतं, पण दर हंगामात तीच माणसं परत का येतात नि शेजारच्याकडे का टिकत नाहीत, हा खरा एचआरचा प्रश्न आहे नि तो कोकणात सगळ्यांना पडलेला आहे.

मार्केटिंगमध्ये चार पी शिकवतील, प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. यावर मी फार लिहित नाही, इन्स्टाग्रामवर तू माझ्यापेक्षा जास्त बघितलेलं असशील. फक्त एक. कोकणातल्या हापूसला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांचं, तरी बाजारात कर्नाटकचा आंबा देवगडच्या खोक्यात घालून विकला जातोच. म्हणून देवगडच्या आंबा उत्पादकांच्या संस्थेने फळावर कोड असलेलं स्टिकर लावायला काढलं. ब्रँड म्हणजे काय, तो कोण खातो, त्याला वाचवायला किती खर्च करायचा आणि तो खर्च शेतकऱ्याने का करायचा, हा सगळा मार्केटिंगचा पेपर तुझ्या तालुक्यात रोज सोडवला जातोय. तिसऱ्या वर्षीच्या प्रोजेक्टला हाच विषय घे.

त्या प्रोजेक्टबद्दल. मुंबई विद्यापीठात त्याला पोरं ब्लॅक बुक म्हणतात, काळ्या कव्हरात सोनेरी अक्षरं छापून बाइंड करतात म्हणून. आणि कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे जुन्या ब्लॅक बुकच्या सॉफ्ट कॉप्या असतात, नाव बदला, तारीख बदला, झालं. माझ्याकडे एकदा एका पोराचं ब्लॅक बुक आलं त्यात सर्व्हे रत्नागिरीच्या ग्राहकांचा नि खाली आभार अंधेरीच्या दुकानदारांचे. तीन वर्षांत स्वतःच्या डोक्याने काही करायची जी एक जागा आहे ती पोरं अशी दोन-तीनशे रुपयांत विकतात. तू असं करू नकोस, खरोखर वीस बागायतदारांकडे जा, पट्ट्या, म्हणजे व्यापाऱ्याकडून येणारे विक्रीच्या हिशोबाचे कागद बघ, गाडीभाडं नि हमाली नि अजून काय काय कापलेलं असतं ते मांड. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांनाही क्रेडिट आहेत, म्हणजे हे काम मार्कांतही मोजलं जातं.

कॉलेजात अजून एक गोष्ट शिकायला मिळते जी सिलॅबसात नाही. बीएमएसची पोरं फेस्ट करतात, नि त्याला स्पॉन्सर शोधायला बाजारात फिरतात. दहा दुकानांत नकार, एक जण म्हणतो बॅनरवर नाव मोठं घाल तर दोन हजार देतो. घरी कधी तोंड न उघडणाऱ्या मुली तिसऱ्या दिवशी दुकानदाराशी घासाघीस करताना मी बघितल्यात. म्हणून कमिटीत नाव दे, डेकोरेशनमध्ये नको, स्पॉन्सरशिपमध्ये दे.

इंग्लिश. पेपर इंग्लिशमध्ये लिहायचा असतो, हे खरं आहे आणि पहिलं सेमिस्टर तुला जड जाणार, एखादी केटी लागली, म्हणजे विषय मागे राहिला, तरी रडू नकोस. पण आपल्याकडच्या कॉलेजात सर निम्मं मराठीतच समजावतात, नि पेपरातलं इंग्लिश हे कादंबरीचं इंग्लिश नसतं, दोनेकशे शब्द परत परत येतात. आत्तापासून एक कर, कोकण रेल्वे कॉर्पोरेशनचा वार्षिक अहवाल त्यांच्या साइटवर फुकट मिळतो, इंग्लिशमध्ये, तो उघड आणि दोन पानं रोज वाच, कळलं नाही तरी. आपल्या दारावरून जाणारी गाडी आहे म्हणून वाचायला कंटाळा येणार नाही. १९९० साली कंपनी काढली तेव्हा भांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकचे १५, गोवा नि केरळचे सहा-सहा, आणि बाकी बराच पैसा बाँड काढून, म्हणजे व्याजाने. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला, गाड्या भरून धावत होत्या तरी व्याजाचं ओझं कंपनीला कितीतरी वर्षं पुरलं. इक्विटी (मालकांचं भांडवल) नि डेट (कर्ज) यातला फरक याच्यापेक्षा सोपा कुठे शिकायला मिळणार.

आता बाबांचं बीकॉम. बाबा चुकीचं काही सांगत नाहीयेत. बीकॉमला लोक उगाच कमी लेखतात, मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघालं तेव्हापासून या देशात कॉमर्स शिकून माणसं मोठी झालीत. तुला सीए, सीएस करायचं असेल किंवा टॅक्सची प्रॅक्टिस करायची असेल तर बीकॉमच घे, अकाउंट्स नि टॅक्स तिथे जास्त खोल असतं. बँकेच्या परीक्षेला तर कुठलीही पदवी चालते, म्हणजे बीएमएस करूनही बाबांचा रस्ता बंद होत नाही, हे त्यांना सांग, अर्धं भांडण तिथेच मिटेल. बीएमएस-बीबीए पसरट आहे, सगळ्यातलं थोडं, म्हणून ज्याला स्वतःचं काही चालवायचंय किंवा पुढे एमबीए करायचंय त्याला ते बरं पडतं. तुझ्या पत्रावरनं तू यातली वाटतेस.

नावांचा घोळ थोडक्यात सांगते कारण यंदाही पोरं यात अडकणार. मुंबई विद्यापीठाने बीएमएस सुरू केला १९९९ ला, आपले रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्यांच्याच हद्दीत येतात. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्स एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेखाली गेले, मग त्यांना राज्याची सीईटी (प्रवेश परीक्षा) नि कॅप (केंद्रीय प्रवेश) राउंड आले. तेव्हा बऱ्याच कॉलेजांनी तोच कोर्स बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज असं नाव देऊन ठेवला, तिथे सीईटी न देता बारावीच्या मार्कांवर प्रवेश होतो. म्हणजे दोन दारं, आत खोली जवळपास एकच. तुझ्यासाठी बरं काय ते कॉलेजवर अवलंबून, पण सीईटी देऊन ठेव, १०० प्रश्न, ९० मिनिटं, इंग्लिश, रीझनिंग, जनरल नॉलेज नि कॉम्प्युटरचं बेसिक, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, दिली म्हणून बिघडत काही नाही. पदवी आता तीन वर्षांत घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. तुला चौथं वर्ष करायची घाई नाही, तिसऱ्यानंतर बघ.

आणि ते पुण्याचं कॉलेज. लॅपटॉप फ्री नसतो गो, फीत धरलेला असतो, ही पहिली कॉस्टिंगची शिकवणी फुकट देते. तीन वर्षांची फी, हॉस्टेल, मेस, येणं-जाणं बेरीज कर नि तो आकडा बाबांच्या बागेच्या एका वर्षाच्या हातात उरलेल्या पैशाशेजारी लिही. कर्ज काढून तिथे जाऊ नको, हे मी सरळ सांगतेय. हे कोर्स मोठ्या कॉलेजात केले तर ओळखी नि प्लेसमेंट चांगलं मिळतं हे खरं, पण ते मुंबई-पुण्यातल्या मोजक्या कॉलेजांबद्दल खरं आहे, नि ती कॉलेजं तुला फोन करून बोलवत नाहीत. फोन परत आला तर एवढंच विचार, एआयसीटीईचं अप्रूव्हल आहे का, पदवी कुठल्या विद्यापीठाची मिळणार, मागच्या बॅचच्या किती जणांना कुठे किती पगारावर लावलं त्याची यादी मेलवर पाठवा. फोन यायचे बंद होतील बहुतेक. कणकवली, रत्नागिरी, सावंतवाडी इथली कॉलेजं जाऊन बघ, तिथे शिकवायला पूर्णवेळ माणसं किती नि तासिकेवरची किती हे तिथल्याच पोरांना विचार, ऑफिसात नको. प्लेसमेंटची मात्र इथे फार आशा धरू नकोस, बँकेचं सेल्स, इन्शुरन्स, कुठेतरी बॅक ऑफिस, असंच येतं. तू परत घरीच येणार असशील तर तो मुद्दा तसाही मागे पडतो.

परत आले तर फुकट जाईल का असं विचारलंस. आगळाच्या बाटलीचा हिशोब वर केलाय, तुझ्या घरात तो कुणी केला होता का सांग. पण एक अट आहे, पहिल्या वर्षापासून घरच्या वहीत हात घालायचा. बाबा वही दाखवणार नाहीत लगेच, मुलींना तर नाहीच दाखवत आपल्याकडे, आणि पुष्कळ घरांत वहीच नसते, कॅलेंडरच्या मागे लिहिलेलं असतं. मग आईच्या आगळापासून सुरू कर, ते पैसे आईचे आहेत, ती नाही म्हणणार नाही. एक हंगाम तो हिशोब नीट लिहिलास नि बाबांना दाखवलास की पट्ट्यांची पिशवी आपोआप तुझ्याकडे येईल.

शेवटचं कामाचं. राज्य सरकारने २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतल्यावर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हे नाही, प्रायव्हेट युनिव्हर्सिटीला नाही. तू यात बसत असशील तर सीईटीच्या दाराने जाण्यात तुझा फायदा आहे, आणि ज्या कॉलेजात जाशील तिथल्या स्कॉलरशिपच्या खिडकीवर आपला कोर्स यात धरतात का हे फी भरण्याआधी विचारून घे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तर जातीचा दाखला नि नॉन-क्रिमीलेयर, हे सगळं परीक्षा संपल्या संपल्या मार्चमध्येच तहसीलला जाऊन करून घे. जूनमध्ये सगळा तालुका तिथे रांगेत असतो नि सर्व्हर बंद असतो.